नळीला जीभ लागायच्या आधीच डोपामाइनची उसळी: खरंच की माझ्या मोजमापात चूक?

निळा_प्रकाश (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभर एकाच आलेखापाशी अडकले आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रयोग असा. उंदराच्या मेंदूत न्यूक्लियस अक्युम्बेन्स या बक्षिसाशी जोडलेल्या भागात विषाणूमार्फत डीलाइट सेन्सर (डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाला चिकटून चमकणारं प्रथिन) घातला, त्याच जागी ४०० मायक्रॉनचा ऑप्टिकल फायबर बसवला. सेन्सर पेशींत नीट उतरावा म्हणून चार आठवडे थांबले आणि मग फायबर फोटोमेट्री सुरू केली. ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश आत जातो, डोपामाइन सेन्सरला चिकटलं की हिरवी चमक वाढते आणि ती चमक त्याच फायबरमधून परत येते. सोबत कंट्रोल म्हणून, म्हणजे डोपामाइनशी संबंध नसलेला चमकेतला बदल ओळखायला, ४०५ चा जांभळा प्रकाश. उंदीर पेटीत मोकळा फिरतो. एका भिंतीत बारीक नळी आहे. एक सेकंद सूर वाजतो, मग एक सेकंद शांतता, मग नळीच्या तोंडाशी साखरपाण्याचा ५ मायक्रोलिटरचा थेंब येतो. जीभ लागली की नळीवरचा टच सेन्सर नोंद करतो. वरून कॅमेरा आहे, सेकंदाला ३० फ्रेमचा. सेशन ४० मिनिटांचं.

पहिल्या दोन दिवसांत उसळी थेंबाच्या वेळी यायची. आठव्या दिवसापर्यंत ती सुरावर सरकली. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांच्या १९९७ च्या लेखात जे वाचलं होतं तेच: बक्षीस अनपेक्षित असेल तर डोपामाइन पेशी बक्षिसाला दाद देतात, आणि खूण ओळखीची झाली की खुणेला. हे स्वतःच्या उंदरात दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, आणि कुणाला तरी उठवून सांगावं असं झालं होतं.

अडलंय ते पुढे. मधूनमधून मी सूर न वाजवताच थेंब देते. म्हणजे अनपेक्षित बक्षीस. इथे उसळी चाटल्यानंतर यायला हवी ना? माझ्याकडे ती पहिल्यांदा जीभ लागण्याच्या साधारण २०० मिलिसेकंद आधीच चढायला लागते. सहापैकी पाच उंदरांत हेच. (थेंब दिल्यापासून सेकंदाच्या आत उंदराने चाटलं अशाच ट्रायल, म्हणजे थेंबाच्या खेपा, घेतल्या आहेत, बाकीच्या वगळल्या.) शिवाय सेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांत हे अंतर वाढून ५०० पर्यंत जातं.

आमच्या सरांचं म्हणणं, डोपामाइन चाटण्याची कृती सुरू करतं, म्हणून ते आधी दिसतं, आणि हाच आपल्या लेखाचा गाभा होईल. सरांनी या विषयात माझ्या वयाइतकी वर्षं घालवली आहेत, त्यामुळे त्यांचं चूक असेल असं मी म्हणत नाही. पण मला आतून पटत नाहीये. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे करत पाहिला. ट्रायल ३१ मध्ये उंदीर कोपऱ्यात, नळीकडे पाठ करून तोंड धुतोय. दोन्ही पंजे नाकावरून कानांकडे चाललेत. आणि मधेच थांबतो. पंजे हवेत तसेच, एक कान मागे वळलेला. मग वळून नळीकडे धावतो. या एका ट्रायलमध्ये उसळी चाटण्याच्या तब्बल अडीच सेकंद आधी आहे. ती वगळलेल्यांत गेली, पण डोक्यातून जात नाही.

माझं कुठे चुकतंय? आणि सहाव्या उंदराची रेघ सपाट आहे, त्याचं काय करू?

जुना_इलेक्ट्रोड

उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. ट्रायल ३१ मध्ये तोंड धुता धुता उंदीर थांबला आणि कान मागे वळवला. त्याची नळीकडे पाठ होती, थेंब त्याला दिसला नव्हता. मग तो कशामुळे थांबला?

थेंब सोडायला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी झडप) वापरत असाल. तो उघडताना टिक् वाजतो. तुमच्या-माझ्या कानाला तो अगदी बारीक आवाज आहे, पंखा चालू असेल तर येतही नाही. उंदराचं तसं नाही. आपल्याला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, उंदराला ८० च्याही वर. धातूवर धातू आपटल्याच्या त्या टिक्‌मध्ये आपल्या कानापलीकडचं बरंच काही असतं. आणि तुमच्या उंदराने आठ दिवसांत शेकडो वेळा अनुभवलंय की टिक् झालं की गोड थेंब येतो. म्हणजे तुम्ही ज्याला अनपेक्षित बक्षीस म्हणता त्याच्याही आधी एक खूण आहे. ती तुम्ही दिलेली नाही एवढंच. १९९७ चं चित्र मोडलेलं नाही. उसळी सगळ्यात आधीच्या खात्रीच्या खुणेवर जाऊन बसली आहे.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. मी फोटोमेट्रीच्या आधीच्या पिढीची, चक्रीय व्होल्टॅमेट्रीवाली, म्हणजे विजेच्या प्रवाहावरून डोपामाइन मोजणारी. ७ मायक्रॉन जाडीचा कार्बन तंतू मेंदूत, त्यावर उणे ०.४ पासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत आणि परत, सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने, आणि हे दर सेकंदाला दहा वेळा. डोपामाइनचं ऑक्सिडेशन साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. त्या काळात खाण्याच्या गोळीच्या प्रयोगात मला असंच "आधी येणारं" डोपामाइन सापडलं होतं. दोन महिने मी त्यावर विचार करत होते, पोस्टर छापून झालं होतं. मग एका संध्याकाळी गोळ्यांचं भांडं भरायचं राहिलं आणि यंत्र रिकामंच फिरलं. उंदीर धावत आला, ताटलीत नाक घातलं, काही नाही. आणि माझ्या पडद्यावर उसळी जशीच्या तशी. गोळी ढकलणाऱ्या मोटरचा आवाज पुरेसा होता. मी पोस्टर मागे घेतलं. वाईट वाटलं, पण त्या रिकाम्या भांड्याने मला जे दाखवलं ते दोन महिन्यांच्या भरल्या भांड्याने दाखवलं नव्हतं.

म्हणून आधी हे करा. साखरपाण्याची नळी व्हॉल्व्हपासून सोडवून ठेवा आणि व्हॉल्व्ह नुसता वाजवा. एका सेशनमध्ये पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नको, नाहीतर उंदीर शिकेल की टिक् खोटं बोलतं. उसळी राहिली तर ती चाटण्याची नाही.

दुसरं, ज्या ट्रायल तुम्ही वगळल्यात त्या परत आणा. खरा खजिना तिथेच आहे. उंदीर नळीपाशीच उभा असेल तर टिक् आणि चाटणं यांत तीन-चारशे मिलिसेकंद, दोन्ही घटना एकमेकींत मिसळून जातात आणि उसळी कुणाची ते कळायला मार्ग उरत नाही. उंदीर लांब असेल तेव्हाच त्या सुट्या होतात. सगळ्या ट्रायल टिक्‌वर शून्य धरून लावा आणि उंदराला पोचायला किती वेळ लागला त्या क्रमाने एकाखाली एक रचा, रंगीत पट्ट्यांसारख्या. उसळी टिक्‌ची असेल तर उभी सरळ पट्टी दिसेल. चाटण्याची असेल तर पट्टी तिरकी उतरत जाईल. सरासरीच्या एका रेघेत हे कधीच दिसणार नाही.

टिकटिक

वरच्या ताईंचं बरोबर वाटतंय, पण २०० चं ५०० झालं ते आवाजाने समजत नाही. तिथे मला घड्याळाची शंका येते. फोटोमेट्रीचं यंत्र एका घड्याळावर चालतंय, चाटण्याची नोंद बहुधा अर्डुइनोसारख्या छोट्या संगणक-बोर्डावर, कॅमेरा तिसऱ्यावर. तुम्ही सुरुवातीला एकच टीटीएल पल्स (विजेचा छोटा चालू-बंद इशारा) देऊन तिन्ही जुळवता का? बहुतेक जण तेच करतात. सुरुवात जुळते, पण त्यानंतर प्रत्येक घड्याळ आपापल्या चालीने जातं. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. तुमचा फरक ३०० मिलिसेकंदांचा. दहा हजारांत सव्वा भाग. स्वस्त बोर्डावर एवढा फरक अगदी सहज पडतो.

दिशाही तपासा, ती फार बोलकी असते. बोर्डाचं घड्याळ फोटोमेट्रीच्या पुढे धावत असेल तर चाटण्याची नोंद हळूहळू उशिराची होत जाते आणि उसळी आधी सरकल्यासारखी दिसते. तुमच्याकडे हेच आहे. याउलट, चाटण्याची वेळ कॅमेऱ्याच्या फ्रेम मोजून, भागिले ३० करून काढली असती आणि मधे फ्रेम गळल्या असत्या, तर उसळी उशिरा गेल्यासारखी दिसली असती. एक फ्रेम गळली की ३३ मिलिसेकंद गेले. आणि कॅमेरा ३० ऐवजी खरं तर २९.९७ ने चालत असेल तर ४० मिनिटांत २.४ सेकंदांचं अंतर पडतं. हे मी पाहिलेलं आहे, एका मित्राच्या पूर्ण वर्षाच्या डेटात.

उपाय साधा आहे. सेशनभर एकाच ठिकाणाहून पल्स द्या, त्या तिन्ही यंत्रांत नोंदवा, कॅमेऱ्यासाठी त्याच पल्सवर एक इन्फ्रारेड एलईडी फ्रेमच्या कोपऱ्यात लुकलुकू द्या. इन्फ्रारेड उंदराला दिसत नाही. पल्समधलं अंतर मुद्दाम अनियमित ठेवा, कधी ३ सेकंद, कधी ११. नियमित ठेवलंत आणि एखादी पल्स हरवली तर कुठली हरवली ते कळत नाही, सगळं एका घराने सरकतं आणि तरीही सुंदर जुळल्यासारखं दिसतं.

जुना_इलेक्ट्रोड

घड्याळ असेलच, पण उंदराचं पोटही विसरू नका. अर्ध्या तासानंतर ते भरत आलं की तो धावत येत नाही. टिक् ऐकतो, सावकाश निघतो. उसळी टिक्‌ला चिकटलेली असेल आणि उंदीर उशिरा पोचत असेल तर चाटण्यापासून मोजलेलं अंतर आपोआप वाढणार. दोन्ही कारणं एकाच दिशेला ढकलतात.

वेगळं करायचं तर उसळी टिक्‌पासून मोजा. व्हॉल्व्हचा हुकूम आणि चाटण्याची नोंद तुमच्या त्याच बोर्डावर असेल. टिक् ते उसळी हे अंतर सेशनभर स्थिर राहिलं तर घड्याळ निर्दोष, उंदीर मंदावलाय. ते अंतरही सरकलं तर तेवढा दोष घड्याळाचा.

निळा_प्रकाश

तुम्हा दोघांचे किती आभार मानू कळत नाही. चार दिवस लागले, पण सगळं करून पाहिलं.

आधी जुना डेटा, सगळ्या ट्रायल टिक्‌वर लावून, पोचायच्या वेळेनुसार रचून. वरच्या ओळी झटपट पोचलेल्या, खालच्या उशिरा. उभी पट्टी! अगदी पट्टीने आखल्यासारखी, टिक्‌नंतर दीडेकशे मिलिसेकंदांवर. आणि तिच्यातून फुटून उजवीकडे तिरकी उतरत जाणारी दुसरी एक फिकी पट्टी, प्रत्यक्ष चाटण्याच्या जरा नंतर. ट्रायल ३१ सगळ्यात खाली आहे. तिच्यात दोन वेगवेगळ्या उसळ्या आहेत, एक कान वळला तेव्हाची, मोठी, आणि एक थेंब जिभेला लागल्यावरची, तिच्या निम्म्याहून कमी. जी ट्रायल मी आधी वगळली होती तीच एकटी सगळं सांगत होती.

मग रिकामा व्हॉल्व्ह. सहा वेळा वाजवला. उंदीर सहाही वेळा आला, नळीला जीभ लावली, कोरडी. दोन-तीनदा चाटून नळीखालची जमीन हुंगली. पहिली उसळी प्रत्येक वेळी होती. दुसरी नव्हती. कोरड्या नळीनंतर रेघ बेसलाइनच्या (नेहमीच्या पातळीच्या) किंचित खाली गेल्यासारखी वाटते, पण सहा ट्रायलवर मी त्याबद्दल काही म्हणणार नाही.

घड्याळ: टिकटिक, तुमचीही शंका खरी ठरली. नवीन सेशनमध्ये अनियमित पल्स दिल्या तर बोर्ड ४० मिनिटांत साधारण ९० मिलिसेकंद पुढे जातो. जुन्या डेटात टिक् ते उसळी हे अंतरही तेवढंच सरकलंय. उरलेले दोनशे-सव्वादोनशे उंदराचे, तो खरोखरच उशिरा पोचतोय. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर होता.

आता मोठा प्रश्न. सरांना काय सांगू? "डोपामाइन कृती सुरू करतं" हे आता पूर्ण सोडून द्यायचं का?

चालणं_मोजणारा

मी वागणुकीच्या बाजूने येतो, मेंदूत काही घालत नाही, प्राण्याच्या हालचाली मोजतो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

सरांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. २०१८ मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका कामात सब्स्टॅन्शिया नायग्रा या मध्यमेंदूतल्या भागाच्या डोपामाइन पेशी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराने हालचाल सुरू करण्याच्या आधी जाग्या होताना दिसल्या. त्या नेमक्या वेळी प्रकाशाने त्यांना गप्प केलं तर हालचाल सुरू होण्याची शक्यता घटली, पण चालू असलेली हालचाल बिघडली नाही. म्हणजे हालचालीशी नातं आहेच. पण ते दुसऱ्या पेशींतलं, दुसऱ्या जागचं. तुमचा फायबर न्यूक्लियस अक्युम्बेन्समध्ये आहे. आणि त्या कामात त्यांनी पेशी गप्प करून पाहिल्या. तुम्ही फक्त पाहिलंय. आधी येतं म्हणून कारण असतं, असं आलेखावरून म्हणता येत नाही. ते म्हणायचं तर टिक्‌नंतरच्या त्या दीडशे मिलिसेकंदांत डोपामाइन पेशी प्रकाशाने दाबून उंदीर निघतो की नाही ते पाहायला हवं.

दुसरी गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. तुम्ही "चाटणं" म्हणता ते नेमकं काय? टच सेन्सर सांगतो जीभ धातूला लागली तो क्षण. प्राण्यासाठी कृती केव्हाच सुरू झालेली असते. कान वळतो, हुंगणं बदलतं, मान फिरते, मागचे पाय रोवले जातात, मग धाव, मग जबडा उघडतो आणि सगळ्यात शेवटी जीभ. उंदीर सेकंदाला सहा ते आठ वेळा चाटतो. म्हणजे तुमच्या ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका चाटण्याला चार-पाच फ्रेम मिळतात. जीभ बाहेर पडायला लागली तो क्षण त्यात सापडणं अवघड. नळीच्या बाजूने १०० फ्रेमचा कॅमेरा लावा. शरीराचे बिंदू डीपलॅबकट हे व्हिडिओत अवयव ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून काढा. २०१८ पासून ते साधन मोफत आहे. शे-दोनशे फ्रेमवर हाताने खुणा केल्या की बाकीचं ते करतं. नाक, दोन्ही कान, शेपटीचं मूळ एवढे बिंदू पुरे. मग "निघाला" याची व्याख्या करा, आणि उसळीचा आकडा न पाहता करा. मी ती आधी कागदावर लिहून भिंतीला लावतो, म्हणजे नंतर मनाजोगती बदलता येत नाही.

मग तुम्हाला तीन शून्यं मिळतील: टिक्, निघणं, जीभ. टिक् ऐकूनही उंदीर निघालाच नाही, अशा ट्रायल शेवटच्या दहा मिनिटांत नक्की असतील. त्या मला बघायला फार आवडतील. निघाला नाही तरी उसळी तेवढीच आली, तर सरांच्या मांडणीला अडचण. कमी आली, तर सरांच्या बाजूने एक दाणा पडला. पण तिथेही सावध राहा, पोट भरल्यावर त्या थेंबाची किंमतच उतरलेली असते. उसळी लहान झाली ती निघाला नाही म्हणून की नकोसं झालं म्हणून, हे त्या ट्रायलवरून वेगळं होणार नाही. "हवंसं वाटणं" आणि "आवडणं" यांतला फरक बेरिज आणि रॉबिन्सन यांनी उंदरांतच दाखवला होता: डोपामाइन जवळजवळ संपवलेले उंदीर स्वतःहून खायला जात नाहीत, पण तोंडात गोड पडलं तर चेहऱ्यावर आवडल्याच्या खुणा तशाच उमटतात.

जुना_इलेक्ट्रोड

याला जोडून प्रकाशाच्या बाजूचं थोडं, कारण हरकत घेणारा तिथून घेईल.

उंदीर दचकून वळला, फायबर जरा वाकला आणि चमक बदलली, असं नाही हे कसं दाखवाल? ४०५ चा जो कंट्रोल आहे तो कामाचा आहे, पण डोळे झाकून वजा करू नका. ४०५ हा सगळ्याच सेन्सरांसाठी तटस्थ बिंदू (डोपामाइन असो-नसो, चमक सारखीच देणारी तरंगलांबी) नसतो. तो बिंदू जरा इकडेतिकडे असेल तर ४०५ च्या रेघेतही थोडं डोपामाइन असतं आणि वजाबाकीत तुम्ही स्वतःचाच सिग्नल खाता. दोन्ही रेघा आधी वेगवेगळ्या, कच्च्या, एकाखाली एक काढून बघा. पक्का पुरावा हवा तर डोपामाइन न चिकटणारा बदललेला सेन्सर एक-दोन उंदरांत घाला. चमक आहे, पण डोपामाइनला आंधळी. टिक्‌ला त्यांचीही रेघ हलली तर ती उंदराची हालचाल. डीलाइट डी१ ग्राहकापासून (पेशीवर डोपामाइन धरणाऱ्या प्रथिनापासून) बनवलाय, म्हणून डी१ रोखणारं औषध दिल्यावर उसळी विझायला हवी. औषधाने वागणूकही मंदावते, तेव्हा हा पुरावा टिक्‌च्या उसळीसाठी वापरा, चाटण्याच्या नाही.

पहिल्या दिवसाची उंची आणि आठव्या दिवसाची उंची झेड-स्कोअरमध्ये तोलू नका. झेड-स्कोअर त्या दिवसाच्या गोंगाटाने (रेघेच्या चढउताराने) भागलेला असतो. गोंगाट बदलला की उंची बदलते, डोपामाइन होतं तिथेच. उसळी सुरावर सरकली हे म्हणा, किती पटींनी वाढली हे नको. आणि ट्रायल तीनशे असल्या तरी उंदीर पाच आहेत. आकडेमोडीत उंदीर मोजा, ट्रायल उंदराच्या पोटात घाला, म्हणजे एका उंदराच्या सगळ्या ट्रायल एका गटात धरा; मिश्र-परिणाम मॉडेल या सांख्यिकी पद्धतीने ते नीट होतं.

सहाव्या उंदराची घाई करू नका. डोपामाइन परत शोषून घेणं रोखणारं औषध एकदा देऊन बघा, रेघ वर चढली तर सेन्सर जिवंत आहे आणि त्या जागी सूर-थेंबाचं काही पोचत नाही. चढली नाही तर प्रयोग संपल्यावर मेंदूचे काप करा. अँटेरियर कमिशर म्हणून तंतूंचा एक पांढरा गोल दिसेल, अक्युम्बेन्सचा गाभा त्याच्या भोवती असतो. फायबरचं टोक त्या पांढऱ्या गोलातच घुसलेलं मी कितीदा पाहिलंय. तो उंदीर वगळायचा तर कापाच्या आधारावर वगळा, रेघ सपाट आहे म्हणून नको.

टिकटिक

व्हॉल्व्हचं पण सांगतो. तो पेटीच्या बाहेर, लांब, फोमच्या डब्यात ठेवा आणि नळी लांबवा. नळी लांबली की थेंब यायला उशीर होतो, तो उशीर मोजून घ्या. पेटीत मंद पांढरा गोंगाट (बाकीचे आवाज झाकणारा सततचा सूं आवाज) चालू ठेवा. तरीही खात्री नसेल तर हुबेहूब तसाच एक खोटा व्हॉल्व्ह शेजारी बसवा, पाण्याला न जोडलेला, आणि तो सेशनभर वाटेल तेव्हा वाजू द्या. पहिल्या दिवसापासून. मग टिक्‌ला काही अर्थच उरत नाही.

निळा_प्रकाश

आज सरांना दाखवलं. मी घाबरले होते. पट्ट्यांचं चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग ट्रायल ३१ चा व्हिडिओ मागितला. कान वळतो त्या फ्रेमवर थांबवला, मागे नेला, परत पुढे. मग म्हणाले, "रिकाम्या व्हॉल्व्हच्या सहाच ट्रायल का?" मी कारण सांगितलं, टिक् खोटं ठरू नये म्हणून. त्यांनी मान हलवली आणि लेख थांबवूया म्हणाले. प्रकाशाने पेशी दाबण्याच्या प्रयोगासाठी नवीन उंदरांची परवानगी मागायला त्यांनीच सांगितलं.

खोटा व्हॉल्व्ह मागवलाय. नवीन गटात आठ उंदीर घेतेय, दोघांत आंधळा सेन्सर. "निघाला" म्हणजे मागचे दोन्ही पाय जागचे हलले आणि नाक नळीकडे ३० अंशांच्या आत आलं, असं लिहून भिंतीला लावलंय. सहाव्याला काल औषध दिलं. रेघ चढली. म्हणजे सेन्सर जिवंत आहे, मग फायबर कुठे बसलाय ते काप केल्यावर कळेल. तोवर तो रोज सेशनला येतो, सूर ऐकला की बाकीच्यांसारखाच नळीकडे धावतो.